एंजल, राम, अ‍ॅपिस्टो : दक्षिण अमेरिकन सिक्लिड ओळखावेत कसे, घरी त्यांची पिल्लं वाढवावीत कशी

माझ्या पहिल्या एंजल माशांच्या जोडीने पाच महिन्यांत सहा वेळा अंडी घातली आणि एकदाही पिल्लू निघालं नाही. दर वेळी तेच व्हायचं. संध्याकाळी अ‍ॅमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीच्या रुंद पानावर अंड्यांच्या ओळीच्या ओळी लागायच्या, दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरीफटक, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर कापसासारखी बुरशी. मी पाणी बदलून पाहिलं, औषध बदललं, फिल्टरही बदलला. सातव्या वेळी मात्र टँकसमोर ठाण मांडून बसलो. पहिल्या मादीने पानावर अंड्यांची ओळ घातली आणि ती बाजूला झाली. तिच्या मागून दुसरा मासा आला. तो मला नर म्हणून विकलेला होता, आणि त्यानेही त्याच पानावर अंडीच घालायला सुरुवात केली. दोन्ही माद्या होत्या.

म्हणून या लेखात ओळखण्याचा भाग आधी आणि ऐसपैस घेतला आहे. आपल्याकडचा मासा नेमका कोणत्या जातीचा, कोणत्या नदीचा, नर की मादी, हे कळलं की पाणी किती हलकं (कमी क्षारांचं) हवं, टँक केवढा हवा, अंड्यांसाठी दगड ठेवायचा की करवंटी, ही सगळी उत्तरं आपोआप मिळतात. ते न कळता केलेला खर्च आणि मेहनत दोन्ही पाण्यात जातात.

आधी हा सिक्लिडच आहे का?

सिक्लिड हे माशांचं एक कुटुंब आहे. तोंड जवळून पाहा. बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांना नाकपुडीची दोन-दोन छिद्रं असतात, सिक्लिडला दोन्ही बाजूंना एकेकच असतं. दुसरी खूण अंगावरच्या रेषेची. माशाच्या कुशीवरून शेपटीकडे जाणारी बारीक टिंबांची रेघ सिक्लिडमध्ये मध्येच तुटते आणि थोडी खालून पुन्हा सुरू होते. तिसरी खूण पाठीवरच्या पराची. तो एकसलग लांब असतो, पुढचा भाग काटेरी आणि मागचा मऊ.

हे कुटुंब आपल्याला अगदीच परकं नाही. गोव्यात चवीने खाल्ला जाणारा कलुंदर सिक्लिडच आहे. केरळने २०१० साली राज्य मासा ठरवलेला करीमीन तो हाच. उजनीच्या पाण्यात मुबलक मिळणारी चिलापीही सिक्लिड, पण ती मूळची आफ्रिकेची.

दुकानात ‘मिक्स सिक्लिड’ अशी एकच पाटी लावून ठेवतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. त्या एका टँकमध्ये आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे पिवळे-निळे मासे असतात. त्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं. कन्व्हिक्ट, फायरमाउथ आणि जॅक डेम्प्सी हे मध्य अमेरिकेचे. कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न तर कोणत्याच नदीचा नाही, तो माणसाने संकर करून तयार केला आहे. आपला विषय आहे अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि त्यांच्या उपनद्यांचे मासे. यातल्या बहुतेकांना हलकं, किंचित आम्ल आणि उबदार पाणी मानवतं.

दुकानात नेहमी दिसणारे, आणि त्यांच्यातले फरक

एंजल म्हणजे टेरोफायलम. या वंशात तीन जाती आहेत. आपल्याकडे मिळणारा जवळजवळ प्रत्येक एंजल, मग तो काळा असो, मार्बल असो की कोई, १८२३ साली शास्त्रीय नाव मिळालेल्या ‘स्केलेअर’ या जातीच्या पाळीव वंशातला असतो. ‘अल्टम’ म्हणून महाग विकला जाणारा मासा खरंच अल्टम आहे का, हे पाहायचं तर बाजूने पाहा. अल्टमचं कपाळ एकदम उभं चढतं आणि तोंडाच्या वर खोल खाच असते. ओरिनोकोकडचा हा मासा घरी वाढवणं फार अवघड. सुरुवात साध्या एंजलनेच करा. एंजलचं अंग असं चपटं आणि पट्टे असे उभे का, हे त्याला पाणवनस्पतींच्या देठांत आणि पाण्यात बुडालेल्या मुळांत उभा राहिलेला पाहिला की लगेच कळतं. टँक सजवतानाही उभ्या फांद्या आणि लांब पानं द्या. बुजलेला एंजल अंडी घालत नाही.

रामची गल्लत सगळ्यात जास्त होते. निळा राम म्हणजे मायक्रोजिओफेगस रामिरेझी. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या लानोस गवताळ प्रदेशातला हा मासा. १९४८ साली याला मिळालेलं नाव मॅन्युएल रामिरेझ या मासे गोळा करणाऱ्याच्या नावावरून आहे. बोलिव्हियन राम ही त्याच वंशातली दुसरी जात, अल्टिस्पायनोसस. तो थोडा मोठा, मातकट-सोनेरी, शेपटीच्या दोन्ही टोकांना लालसर झाक. निळ्या रामला २८ ते ३० अंश लागतात, बोलिव्हियनला २५-२६ पुरतात आणि तो पाण्याच्या बाबतीत बराच सोशिक आहे. दोन्ही एकाच टँकमध्ये ठेवले तर एकाचे हाल ठरलेलेच.

निळ्या रामच्या मादीचं पोट गुलाबी-लालसर असतं आणि कुशीवरच्या काळ्या ठिपक्यातही निळे चमकते कण दिसतात. नराचा ठिपका बहुधा निव्वळ काळा असतो, आणि पाठीवरच्या पराचे पुढचे एक-दोन काटे लांब. मात्र फार्ममध्ये पैदास केलेल्या नरांत ते लांब काटे नसतातही, म्हणून पोटाचा रंग आणि ठिपका दोन्ही पाहूनच ठरवा. ‘बलून’ राम घेऊ नका. फुग्यासारखं ते अंग म्हणजे आखडलेला कणा असतो, आणि तो मासा जन्मभर नीट पोहू शकत नाही.

अ‍ॅपिस्टोग्रामा हा बुटक्या सिक्लिडचा मोठा वंश. त्यातला काकाटुऑइडिस आपल्याकडे सहज मिळतो. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे असतात, शेपटीला दोन टोकं आणि तिच्यावर केशरी ठिपके. अगासिझीच्या नराची शेपटी एकाच टोकाला निमुळती होते, भाल्याच्या पात्यासारखी. बोरेल्लीचा नर निळा-पिवळा, पाठीवरचा पर उंच पण तुरा नाही. खरी पंचाईत माद्यांची. या सगळ्यांच्या माद्या पिवळट आणि काळ्या रेघेच्या, एकमेकींसारख्या दिसतात. म्हणून नर-मादी एकाच टँकमधून, एकाच खेपेतले घ्या. वेगळ्या दुकानातून मादी आणली तर संकर व्हायची भीती असते.

ऑस्कर, सेव्हरम, जिओफेगस, ग्रीन टेरर यांची ओळख सोपी, पण जागेची मागणी मोठी. ऑस्कर एक फुटापर्यंत वाढतो. दोन इंचांचं पिल्लू पाहून दोन फुटांच्या टँकसाठी घेणारे लोक मी दर आठवड्याला पाहतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. एका ऑस्करलाही चार फूट बाय दीड बाय दीडचा टँक लागतो आणि जोडीला त्याहून मोठा. शिवाय ऑस्करचे नर-मादी वरून ओळखता येत नाहीत. जिओफेगस या नावाचा अर्थच ‘माती खाणारा’. हे मासे तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून चाळतात, त्यामुळे त्यांना बारीक वाळूच द्या. धारदार खडीने त्यांचे कल्ले सोलवटतात.

डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. ते दृश्य पाहण्यासारखं असतं. पण किमान दोन वर्षं एंजल आणि राम सांभाळल्याशिवाय डिस्कसच्या नादी लागू नका.

पाणी: सगळ्यात आधी तुमचा नळ तपासा

सह्याद्रीतल्या धरणांत पावसाचं पाणी साठतं, त्यामुळे मुंबई-पुण्यातलं पालिकेचं पाणी बहुधा हलकं असतं. बोअरचं पाणी दगडातून झिरपून आलेलं, म्हणून जड. बऱ्याच सोसायट्यांत दोन्ही मिसळतात, आणि उन्हाळ्यात टँकरही येतो. म्हणून काही शे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी) तपासायचं द्रावण घ्या, आणि दर ऋतूत एकदा मोजा.

पाळलेल्या एंजलला २०० पर्यंत टीडीएस आणि ६.५ ते ७.२ पीएच चालतो. काकाटुऑइडिसही साधारण तेवढ्यात राहतो. निळ्या रामची अंडी मात्र जड पाण्यात फार कमी फलतात. त्याच्यासाठी टीडीएस १०० च्या खाली आणि पीएच ६ ते ६.५ ठेवा. बोअरचं पाणी असेल तर घरच्या आरओचं पाणी त्यात मिसळून हवा तो आकडा आणा. नुसत्या आरओच्या पाण्यात मासे ठेवू नका. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच अचानक घसरतो.

क्लोरीनसाठी पाणी २४ तास हवा लावून ठेवा किंवा दुकानात मिळणारा हायपो वापरा. आणि देशी बदामाची पानं जमवा. रस्त्याकडेला, समुद्रकिनारी हे झाड सगळीकडे आहे. गळून पडलेली लालसर-तपकिरी पानं सावलीत पूर्ण सुकवून, धुऊन, वीस-पंचवीस लिटरला एक या हिशेबाने टाका. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, पानांतलं टॅनिन बुरशीला थोडा आळा घालतं आणि यातले बरेच मासे त्यात निवांत होतात. औषधफवारणी होणाऱ्या बागेतली पानं आणू नका.

टँक आणि जोडी

एंजलच्या पैदाशीसाठी दोन फूट बाय दीड बाय दीडचा टँक घ्या. त्यात सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे काच आणि स्टँड धरून दीडशे किलोच्या वर वजन जातं. साध्या टेबलावर तो ठेवू नका. रामच्या एका जोडीला किंवा अ‍ॅपिस्टोच्या जोडीला दोन बाय एक बाय एक पुरतो, पण नराबरोबर दोन माद्या ठेवायच्या तर तीन फूट हवेतच. फिल्टर स्पंजचा, हवेच्या पंपावर चालणारा. तो पिल्लं ओढून घेत नाही आणि त्याच्या छिद्रांत उपयोगी जिवाणू वाढतात. टँक भरल्यावर मासे सोडायच्या आधी चार ते सहा आठवडे सायकल होऊ द्या, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा आणायचा नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच, शंभर लिटरला शंभर वॉट. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात असू द्या. वीज चार तास गेली की भरलेला टँक गुदमरतो.

जोडी विकत घेण्यापेक्षा सहा-आठ लहान पिल्लं घेऊन एकत्र वाढवणं कधीही चांगलं. एंजल आठ-दहा महिन्यांचे झाले की आपली जोडी आपणच जमवतात. दोघं एक कोपरा धरतात, बाकीच्यांना हुसकावतात, एकमेकांचे ओठ धरून ओढाताण करतात आणि मग एखादं पान किंवा फिल्टरची नळी तोंडाने घासू लागतात. घासणं सुरू झालं की बाकीचे मासे दुसरीकडे हलवा. त्याच सुमारास दोघांच्या पोटाखाली बारीक नळी दिसू लागते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. एंजलमध्ये नर-मादीची खात्रीची खूण हीच, आणि ती अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधीच दिसते. मी सहा वेळा ती पाहिलीच नव्हती.

अंड्यांसाठी एंजलला तिरका ठेवलेला स्लेटचा तुकडा किंवा उभा पीव्हीसी पाइप द्या. रामला सपाट गुळगुळीत दगड आणि बारीक वाळू. अ‍ॅपिस्टोला गुहा लागते. नारळाची अर्धी करवंटी उकळून, काथ्या खरवडून, कडेला दोन बोटं जातील एवढी खाच पाडून पालथी ठेवा. मादी छताला आतून अंडी चिकटवते.

खाण्यात दोन आठवडे गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव), डासांच्या अळ्या द्या. मादीचं पोट भरलं, की एकतृतीयांश पाणी काढून त्याजागी दोन अंश गार, हलकं पाणी घाला. लानोसमध्ये पावसाळा सुरू होतो तेव्हा असंच ताजं पाणी येतं. निळ्या रामने पाणी बदलल्याच्या दुसऱ्याच सकाळी अंडी घातल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

अंडी ते पिल्लं

एंजल बहुधा संध्याकाळी अंडी घालतो. मादी पानाला पोट टेकून खालून वर जाते, मागे अंड्यांची एक रांग राहते, नर त्याच रांगेवरून फिरतो. दोन-तीनशे अंडी घालायला तास-दीड तास लागतो. २८ अंशांना दोन-अडीच दिवसांत अंड्यांतून शेपट्या वळवळू लागतात. पिल्लं डोक्याजवळच्या चिकट धाग्याने पानाला लटकलेली असतात. आईबाप त्यांना तोंडात घेऊन एका पानावरून दुसऱ्यावर नेतात, खाली पडलेलं उचलून पुन्हा चिकटवतात. सुरुवातीला मला ते पिल्लं खातायत असं वाटून मी घाबरलो होतो. नीट पाहिलं तर तोंडात घेतलेलं पिल्लू थोड्या वेळाने दुसऱ्या पानावर बाहेर येत होतं. सातव्या-आठव्या दिवशी पिल्लं मोकळी पोहू लागतात.

नवी जोडी पहिली दोन-तीन वेळची अंडी खाऊन टाकते. धीर धरा, बऱ्याच जोड्या पुढे शिकतात. टँकवर कापड टाका, रात्री मंद दिवा राहू द्या, येणं-जाणं कमी करा. तरीही अंडी वाचत नसतील तर अंड्यांसकट स्लेट त्याच टँकच्या पाण्याने भरलेल्या दहा लिटरच्या बरणीत ठेवा. शेजारी हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा सच्छिद्र तुकडा) असा लावा, की बुडबुडे अंड्यांना लागणार नाहीत पण पाणी हलत राहील. पाणी फिकट निळं होईल इतके मेथिलिन ब्लू या बुरशीवरच्या औषधाचे थेंब टाका. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने रोज काढा, नाहीतर त्यांची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते.

रामचंही वेळापत्रक असंच. फरक एवढाच, की पिल्लं फार बारीक असतात. पहिले तीन-चार दिवस आर्टेमियाही त्यांच्या तोंडात मावत नाही. त्यांच्यासाठी इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, आधीच तयार हवं: टँकच्या पाण्याच्या बाटलीत कोबीचं पान टाकून चार-पाच दिवस उजेडात ठेवा. पाणी आधी गढूळ होतं, मग निवळतं. निवळलं की ते वापरायचं.

अ‍ॅपिस्टोची मादी अंड्यांवर असताना हळदीसारखी पिवळीधमक होते, अंगावरच्या खुणा काळ्याभोर. मग तिचं नराशीही जमत नाही. लहान टँकमध्ये ती त्याला जायबंदी करते, म्हणून नराला बाहेर काढा. आठवडाभराने ती पिल्लांचा घोळका घेऊन करवंटीबाहेर येते. एकदा टँकवर माझ्या हाताची सावली पडली. तिने अंगाला एक झटका दिला आणि साठ-सत्तर पिल्लं एका क्षणात वाळूवर बसली, जणू टँकमध्ये काहीच नव्हतं. धोका टळल्यावर ती पुन्हा हलली आणि सगळी उठली. अ‍ॅपिस्टोच्या बऱ्याच जातींत पहिल्या काही आठवड्यांतलं तापमान पिल्लांचं लिंग ठरवायला हातभार लावतं. पाणी जास्त गरम राहिलं तर नरच जास्त होतात. म्हणून २६ अंशांच्या आसपास ठेवा.

पिल्लांचं पहिलं अन्न

पिल्लं भुकेने सगळ्यात जास्त मरतात, म्हणून आर्टेमिया उबवणं आधीच शिकून घ्या. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेलं खडेमीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी. पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा, खालपर्यंत हवेची नळी सोडा, वर दिवा ठेवा. २८ अंशांना २४ ते ३० तासांत ती फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. केशरी जिवंत आर्टेमिया तळाशी जमतो आणि टरफलं वर तरंगतात. तळाचा भाग नळीने ओढून मलमलच्या कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि मगच द्या. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात.

पिल्लं मोकळी पोहायला लागली की त्याच दिवसापासून दिवसातून चार वेळा, थोडं थोडं द्या. पोट केशरी दिसलं म्हणजे पिल्लू जेवलं. उकडलेल्या अंड्याचा बलक द्यायची जुनी पद्धत मी सोडून दिली आहे, कारण उरलेला बलक रात्रीत पाणी नासवतो. रोज पाव टँक पाणी हवेच्या बारीक नळीने तळ शोषत बदला आणि नवं पाणी त्याच तापमानाचं घाला. तीन-चार आठवड्यांत एंजलची पिल्लं आईबापांसारखी तिकोनी दिसायला लागतात. तेव्हापासून बारीक केलेलं कोरडं खाणं सुरू करा आणि गर्दी कमी करा. दाटीत वाढलेल्या एंजलचे पर आखूड राहतात आणि ते पुन्हा वाढत नाहीत.

दोन महिन्यांनी पिल्लं देता येतात. दोनशे पिल्लं कुठे जाणार याचा विचार अंडी घालायच्या आधी करा. दुकानदाराशी, ओळखीच्या पाळणाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. उरलेली पिल्लं नदीत, विहिरीत, तलावात कधीही सोडू नका. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि देशी माशांच्या जागेत ती कशी पसरली, हे आपण पाहतोच आहोत.

मी पिल्लं देतो तेव्हा प्रत्येक पिशवीवर कागद चिकटवतो: जात, जन्मतारीख, कोणत्या जोडीची, टीडीएस, पीएच, तापमान, सध्या काय खातात. सगळी एकाच जोडीची असतील तर तेही लिहितो, म्हणजे घेणारा पुढच्या पिढीसाठी दुसरीकडून नवं रक्त आणेल. आणि नर-मादी अजून ओळखता येत नसतील तर तिथे ‘जोडी’ हा शब्द लिहीत नाही, ‘सहा पिल्लं, वाढवून पाहा’ एवढंच लिहितो.